दोनदा नको, सुटायलाही नको

३ ऑगस्ट २००१
पॉलिटेक्निकात शिकवणाऱ्या शैलजाताईंनी फ्लॉपीवर दिलेलं तपासणीचं सॉफ्टवेअर फुकट. खरी किंमत: ते शिकण्यात गेलेले अकरा दिवस, कागलचं एक हातचं गेलेलं काम, आणि सौ.चा तीन दिवसांचा अबोला. ("त्या डब्याशीच बोला.") तरी महाग वाटत नाही.
कोडोलीच्या दूध संस्थेत माझं मशीन आहे. वजन-फॅट घेतं, तारेवरून आतल्या कॉम्प्युटरला कळवतं. 'पोचलं' असं उत्तर आलं नाही तर परत कळवतं. उत्तरच वाटेत हरवलं की तेच दूध दोनदा नोंद. सेक्रेटरी म्हणाले, "अण्णा, दसऱ्यापतोर नीट करा, न्हायतर आमचं रजिस्टर बरं हाय." कोडोली गेलं तर बाकीची गावं दारात उभं करणार नाहीत.

७ ऑगस्ट
तारेला छोटा स्पीकर जोडून ऐकत बसलो. परत कळवलं की कानाला लगेच समजतं, तेच 'टिर्र' दोनदा. ताई पॉलिटेक्निकवरून उद्यमनगरात माझ्या शेडवर आल्या होत्या, हसल्या. "अण्णा, मशीन बोललं तेवढं तुम्ही ऐकता. हे सॉफ्टवेअर मशीन जे जे बोलू शकेल ते सगळं ऐकतं."
त्याची भाषा वेगळीच. काम कसं करायचं ते सांगायचं नाही. कोण कधी काय बोलेल, वाटेत काय हरवेल, आणि काय कधीच होता कामा नये, एवढंच. मी नियम लिहिला: एक माप दोनदा नोंदायचं नाही.

१४ ऑगस्ट
उपाय सुचला. लागोपाठ तोच सभासद, तेच वजन, तीच फॅट आली की दुसरी नोंद टाकून द्यायची. सॉफ्टवेअर सगळ्या वाटा फिरून आलं. चूक शून्य!!
कोडोलीत बसवून आलो. चहा पिताना चारचौघांत म्हणालो, "सेक्रेटरी, रजिस्टर आता रद्दीत घाला." जरा मोठ्यानंच.

२३ ऑगस्ट
फोन आला, पळालो. आक्का म्हणून एक सभासद आहेत. घरचं सगळं दूध एका पातेल्यात करतात, मग सारख्या दोन किटल्या गळ्यापर्यंत भरून सासू-सून घेऊन येतात. नंबर एकच. वजन तेच, फॅट तीच.
"दोन किटल्या घातल्या की मी! एक तुझ्या डब्यानं गिळली व्हय?"
रांगेतनं कोणतरी: "आक्का, मशीनला बी च्याला दूध लागतंय!"
मीही हसलो.

२५ ऑगस्ट
ताईंना नियम दाखवला. वाचून म्हणाल्या, "अण्णा, ह्या नियमात मशीन बंद ठेवलं तरी पास होईल."
करून बघितलं. आलेला प्रत्येक निरोप फेकून देणारं मशीन सॉफ्टवेअरला लिहून दिलं. चूक शून्य.
तक्रार आली होती दोनदाची, म्हणून विचारलं तेवढंच. सुटण्याचं विचारलंच नाही. एवढे कान असून.
दुसरा नियम घातला: एकही माप सुटायचं नाही. माझ्या उपायात सॉफ्टवेअरनं लगेच चूक दाखवली, पायरी-पायरीनं. शेवटची पायरी वाचली तर आक्कांची दुसरी किटली. जणू कोडोलीत रांगेत उभं राहून लिहिलंय.

१ सप्टें.
जुनाच उपाय, ताईंच्या पुस्तकातला. प्रत्येक मापाला ० नाहीतर १ चा शिक्का, आलटून पालटून. परत कळवलं तर शिक्का तोच, म्हणजे नोंद नको; नवं माप आलं तर बदललेला. दूध सारखं असो नसो. दोन्ही नियमांत चूक शून्य.
मग मीच विचारलं, मध्येच लाईट गेली तर? मशीन शिक्का विसरतंय. चूक. तो बॅटरीवरच्या मेमरीत टाकला. परत चालवलं. शून्य. आता हा शब्द हळू म्हणतो.

१० सप्टें.
कोडोली. आक्कांना म्हटलं, "घाला." दोन किटल्या, दोन पावत्या. "आत्ता आलं बग शानपन." मग बोलता बोलता तार काढली, लावली. स्पीकरवर 'टिर्र' दोनदा, नोंद एक. येताना गाडीवर गुणगुणत आलो.

२८ सप्टें.
अठरा दिवस रजिस्टर आणि मशीन रोज जुळतंय. शिरोळकडचे दोन पावणे बघून गेले. जाताना तार किती लांब चालते ते विचारलं. दसऱ्याला कमिटी बसेल तेव्हा मशीन की रजिस्टर ते ठरेल.
पण सेक्रेटरींनी काल नवं रजिस्टर आणलं. दोनशे पानी.