तिसऱ्या हाकेला

॥ श्री ॥
राबिघ, ता. १२ फेब्रुवारी १९८२

ती. बाळकृष्णदादा यांस,
उमाकांतचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आम्ही दोघे खुशाल आहोत. गेल्या महिन्यात आमची बदली राबिघसमोरच्या एका बेटावर झाली. लाँचने तासभर लागतो. बेटावर चुनखडीची खाण आहे. तो दगड बार्जने राबिघला नेऊन रिफायनरीच्या धक्क्यासाठी समुद्रात टाकतात. मी टाइमकीपर आहे आणि भाऊजी सुरुंगावर.

बेटावर कोळ्यांची तीसएक घरे आहेत. पूर्वी ते पिण्याचे पाणी किनाऱ्यावरून होडीने आणत. कंपनीने खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र बसवले, वीज आणली, दोन खोल्यांचा दवाखाना काढला. मुलांना मास्तर मिळाला. तरुण माणसे क्रशरवर लागली. मात्र सुरुंगाच्या हादऱ्यांनी मासा लांब गेला. आमचा स्वयंपाकी जमालुद्दीन दापोलीचा, त्याला अरबी चांगले येते. त्याला एक म्हातारा सांगत होता की घरात पाणी आले, पण जाळ्यात काही येत नाही. खाण बरी की वाईट, हे त्यालाच ठरवता येत नव्हते. मला आपली रेडी आठवली.

एक गंमत सांगतो. भाऊजी तुमच्या पासपोर्टवर आल्यामुळे इथे ते सगळ्यांचे बाळकृष्ण. मीही चारचौघांत तीच हाक मारतो. पण पहिल्या दोन हाकांना त्यांना पत्ताच नसतो, तिसऱ्या हाकेला वळून बघतात. इंजिनियर त्यांना बहिरा समजतो. सुरुंगवाल्यांचे कान असेच असतात, असे मी त्याला सांगून ठेवले आहे. सुहासताईला सांगा, तिचा नवरा जमालुद्दीनच्या हातचे खाऊन चांगला सुटला आहे.

विद्यावहिनींना नमस्कार. आहे तो लोभ राहू द्यावा.

तुमचा,
उमाकांत

॥ श्री ॥
रेडी, ता. ३ मार्च १९८२

चि. उमाकांत यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. सुहासिनीने ते दोनदा वाचून घेतले. नवरा सुटला असेल तर भावाने त्याच्या ताटावर लक्ष ठेवावे, असा तिचा निरोप आहे.

बेटाचे वाचून मलाही आपलेच गाव दिसले. आपल्याला खाणीने रस्ता दिला, हायस्कूल दिले, बंदरावर काम दिले. मलाही वीस वर्षे पोसले आणि छातीत धूळ भरून दिली. मुंबईच्या डॉक्टरने एक्स-रे बघून मला नापास केले, तेव्हा आलेला व्हिसा फुकट जाऊ नये म्हणून हरिहर म्हणाला की दादा, तुझ्याऐवजी मी जातो. एजंटला फोटो बदलायला मीच सांगितले. सुरुंगाचे लायसन्स माझे आहे. तो सहा वर्षे माझ्या हाताखाली होता, पण परीक्षेला कधी बसला नाही. हे मला रोज आठवते.

त्याला माझे सांगणे कळव. जितकी भोके भरली तितके आवाज बोटांवर मोजायचे. एक जरी कमी आला तरी तास होईपर्यंत जागचे हलायचे नाही, कोणी कितीही घाई करो.

आणि खोलीत तरी त्याला त्याच्या नावाने बोलावत जा. माणसाला आपले नाव ऐकायला मिळाले पाहिजे.

दोघेही जपून असा.

बाळकृष्ण

राबिघ, ता. १६ मे १९८२

ती. दादा,

तार मिळाली असेल. पत्रावर श्री घातलेला नाही आणि नमस्कारही लिहीत नाही.

रविवारी बार्ज निघायच्या घाईत होती. भाऊजींनी बारा भोके भरली. आवाज अकराच झाले. मधेच बार्जचा भोंगा वाजला, बारावा आवाज त्यात बुडाला असे त्यांनी धरले असावे. धूर निवल्यावर ते एकटेच बघायला पुढे गेले. येमेनी मजुरांना त्यांनी हाताने मागे ठेवले होते, म्हणून ती माणसे वाचली. राहिलेला बार तेव्हा उडाला. दवाखान्यात पोचेपर्यंत काही उरले नव्हते. चेहऱ्याला मात्र काही झालेले नाही. ताईला एवढे जरूर सांगा.

आता अडचण लिहितो. इकाम्यावर, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यावर, नाव तुमचे आहे. इथल्या कागदांवर बाळकृष्ण मरण पावला आहे. आमचा जामीन असलेल्या अरब मालकाचा, कफीलचा, माणूस तुमच्या पत्नीच्या सहीचे पत्र मागतो. ते आले तर महिना-दीड महिन्यात पेटी निघेल. मी खरे सांगितले तर पोलीस चौकशी लागेल, ती किती चालेल ते कोणी सांगत नाही, आणि तोवर कदाचित इथेच कुठेतरी मूठमाती देतील. जमालुद्दीन म्हणतो की तसे झालेली माणसे त्याला ठाऊक आहेत, जागेवर नुसता नंबर असतो. माझेही काय होईल कोण जाणे, पण तो विचार तुम्ही करू नका.

काय करू ते तारेने कळवा. ताईला विचारा.

उमाकांत

रेडी, ता. ३० मे १९८२

चि. उमाकांत,

तार केलीच आहे, सविस्तर लिहितो. विद्याच्या सहीचे पत्र सोबत आहे. त्यात ती माझी विधवा आहे आणि पतीचा देह परत मागते आहे. मजकूर मी सांगितला, तिने लिहिला. एका ओळीला थांबली, मग लिहिले.

सुहासिनीला विचारले. ती म्हणाली की त्यांना कुठल्याही नावाने आणा, पण मला तोंड बघू द्या. यापुढे विचारण्यासारखे काही राहिले नाही.

ग्रामसेवकाला सगळे ठाऊक आहे. तिकडचा दाखला आला की रेशनकार्डावरून माझे नाव कमी करावे लागेल, असे तो खाली बघत म्हणाला. मी म्हटले, कर. माझी साखर मला तशीही वर्ज्यच आहे. तो हसला नाही.

त्याला लवकर पाठव.

बाळकृष्ण

राबिघ, ता. २५ जून १९८२

ती. दादा,

पेटी दोन जुलैच्या विमानाने निघेल. कागद जमालुद्दीनने वाचून बघितले आहेत. कपाळाला बुक्का लावायला मिळाला नाही. मी नुसता हात लावला.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नाही. ताईसमोर तोंड दाखवण्याआधी ती तुम्हाला कळली पाहिजे.

मी त्या दिवशी शेडपाशी उभा होतो. मी मोजले होते, अकरा. भाऊजी पुढे निघालेले दिसले तेव्हा मी ओरडलो. शेजारी इंजिनियर होता, म्हणून मी बाळकृष्ण अशीच हाक मारली. ते चालत राहिले. दुसऱ्यांदा मारली, तरी तेच. तिसऱ्या हाकेला ते थांबले आणि वळून माझ्याकडे बघितले, तेवढ्यात बार उडाला.

एकदा हरिहर म्हटले असते तर ते पहिल्याच पावलाला थांबले असते. तेवढे तोंडातून निघाले नाही. इकाम्याची भीती दोन वर्षांत इतकी अंगात मुरली होती.

तुम्ही द्याल ती शिक्षा मला मान्य आहे.

उमाकांत

॥ श्री ॥
रेडी, ता. २० जुलै १९८२

चि. उमाकांत यास,
अनेक आशीर्वाद.

क्रिया पार पडली, म्हणून आज वर श्री घातला आहे.

मुंबईला विमानतळावर आम्ही तिघे गेलो होतो. विधवेची सही लागणार म्हणून विद्याने टॅक्सीतच मंगळसूत्र काढून मुठीत धरले. सुहासिनीच्या गळ्यात अजून होते, कारण तोंड बघितल्याशिवाय उतरवणार नाही असे ती म्हणाली होती. कस्टमच्या साहेबाने दोघींचे गळे बघितले आणि कागद विद्यापुढे सरकवला. तिने सही केली. मागे सुहासिनी रडू लागली, तेव्हा तो तिला म्हणाला की तुम्ही धाकट्या जाऊबाई दिसता, तुम्हीच असे केलेत तर यांना कोण सावरणार. सुहासिनीने डोळे पुसले आणि विद्याचा हात धरला. मयताचा भाऊ म्हणून मी हरिहर अशी सही केली.

घरी पेटी उघडली. चेहरा तू लिहिलास तसाच होता. मग सुहासिनीने मंगळसूत्र उतरवले आणि विद्याने आपले घातले.

तुझे पत्र मी तिला वाचून दाखवले. लपवणार नव्हतो. तिने ते माझ्या हातून घेऊन घडी घातली. मग म्हणाली की उमाला जेवण जात असेल ना, ते विचारा.

शिक्षेचे मी काय लिहू? तू तीनदा हाक मारलीस ती मला मारलीस. मी इथे ओसरीवर बसलो होतो. त्याला ते नाव मी दिले, तू नाही.

अग्नी देण्याआधी मी त्याला त्याच्या नावाने हाक मारली. एकदाच, पण माळापलीकडे जाईल इतक्या मोठ्याने. छातीला झेपली नाही, नंतर खूप खोकलो. पण इथे त्या नावाला कोणाची भीती नव्हती.

करार संपण्याची वाट बघू नकोस. तू तुझ्या स्वतःच्या पासपोर्टवर गेला आहेस, त्याच्यावर परत ये. ताई वाट बघते आहे.

तुझ्यावरचा आमचा लोभ होता तसाच आहे.

बाळकृष्ण