वाटी रिकामी कशी परत द्यायची

भोईवाडा, परळ
गुरुवार

आदरणीय काशिरामदादा यांस,
शामरावचा सप्रेम जयभीम.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नका. लिहायला बसलो की पेन सापडत नसे, पेन सापडले की चष्म्याची काडी निखळलेली असे, आणि काडी दोऱ्याने बांधेपर्यंत काय लिहायचे तेच डोक्यातून गेलेले असे. फोन करता आला असता, पण तुम्ही फोन उचलला की स्पीकर लावता आणि तुमची बहीण, म्हणजे आमची सुंदरा, शेजारीच बसलेली असते (मागच्या वेळी मी नुसता खोकलो, तर तिकडून "चहात आलं टाका" असे ऐकू आले). म्हणून हे पत्र तुमच्या सायकलच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतो आहे. वाचून झाले की दुकानातच ठेवा.

तुमची कंबर कशी आहे? वहिनींचा गुडघा? नागपूरला पहाटे गारवा पडू लागला असेल, कानटोपी घालत जा. थंडी आधी कानातून शिरते असे मला एका कंपाउंडरने सांगितले होते (तो आता नाही, कशाने गेला ते विचारायचे राहिले).

इकडे हवेचे काही खरे नाही. दुपारी गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल पापडासारखा कडक होतो आणि पहाटे पाय पोटाशी घ्यावे लागतात. एरवी हे दिवस मला कधी कळत नसत. पाऊस सरला की सुंदरा आपली पातेली बदलायची. दुपारी ताकभात, रात्री गरम पिठले, आणि अंगाला गारवा लागायच्या आदल्या दिवशी पानात बाजरीची भाकरी. मी कधी विचारले नाही आणि तिने कधी सांगितले नाही. आता माझ्या पोटाला कुठला महिना चालू आहे तेच समजत नाही.

ती दीक्षाभूमीला निघाली त्या दिवशीची गोष्ट तुम्हाला तिने सांगितलीच असेल, तरी माझ्या बाजूने सांगतो. गॅलरीत सगळ्या बायका जमलेल्या. तिने विचारले, "चार दिवस जेवणाचं काय कराल?" मी चारचौघांत म्हणालो, "चार महिने राहिलीस तरी आपल्या गॅसला कळायचं नाही." तिने पिशवी उचलली आणि म्हणाली, "बरं." दादा, आज एकोणीस दिवस मी तो एक शब्द चघळतो आहे.

पहिल्या दिवशी भात लावला, तो खाली करपला आणि वर कच्चा राहिला (मधला एक घास चांगला होता). दुसऱ्या दिवशी केळी. तिसऱ्या दिवशी समोरच्या दीपिकाने वाटीभर मुगाची उसळ पाठवली. बिचारी नोकरी करून घर सांभाळते. उसळ खाल्ली, वाटी घासली, आणि मग आठवले. सुंदराचा नियम तुम्हाला माहीत आहे, शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नाही. साखर का होईना, चिमूटभर घालून द्यायची. मी डबे उघडले. साखरेत मुंग्या होत्या.

वाटी मांडीवर घेऊन तासभर बसलो. तेवढ्यात टोकाच्या खोलीतल्या आनंदीबाईंनी (त्या मालवणकडच्या) कुळथाची पिठी पाठवली. अर्धी मी खाल्ली, अर्धी दीपिकाच्या वाटीत घातली, आणि नुसतीच कशी द्यायची म्हणून वर सुंदराच्या लिंबाच्या लोणच्याची एक फोड ठेवली. दीपिका म्हणाली, काका, पिठी तुम्ही केलीत? मी हो म्हटले नाही. मी नाहीही म्हटले नाही. मी खोकलो.

आता आनंदीबाईंची वाटी रिकामी झाली. तिच्यात दीपिकाकडची वांग्याची भाजी गेली, वर लोणच्याची फोड. मग दीपिकाच्या वाटीत आनंदीबाईंची सोलकढी, वर फोड (सोलकढीवर फोड तरंगत नाही, बुडते). असे बारा दिवस चालले. दोन घरांतून जेवण येते आणि माझी पँट मात्र ढिली होत चालली, कारण प्रत्येक गोष्टीतली अर्धी पुढे पाठवावी लागते. मजल्यावर मात्र बोलबाला झाला. आनंदीबाई म्हणाल्या, पुरुषमाणसाच्या मानाने तिखट बरोबर पडतं हो तुमचं.

मग सोमवारी घोटाळा झाला. दोन्ही वाट्या स्टीलच्या, नाव तळाशी कोरलेले, आणि दोरा सुटल्यामुळे चष्मा डोळ्यांवर नव्हता. कुठल्या वाटीत काय घातले ते न कळून दीपिकाची लाल भोपळ्याची भाजी मी वर फोड ठेवून दीपिकालाच देऊन आलो. खोलीत आल्यावर उरलेल्या वाटीवर बोट फिरवले तर "आनंदी" लागले. दादा, मी दार लावून घेतले.

संध्याकाळी दीपिका आली, मागे तिचा नवरा राकेश. मी मनात माफीची तयारी केली होती. पण राकेश म्हणाला, "काका, भोपळा असा करतात. हिला शिकवा जरा." ती नवऱ्याकडे अशी बघत होती की मला तिची दया आली आणि त्याची काळजी वाटली. मला म्हणाली, "सांगा काका, काय वेगळं घातलंत?" मी म्हणालो, "काही नाही गं, अगदी तुझ्यासारखाच केला." हे मी आयुष्यात बोललेले सर्वांत खरे वाक्य असेल.

त्याचा परिणाम असा की येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी मजल्यावरच्या आठ बिऱ्हाडांनी एकत्र जेवायचे ठरवले आहे. बाकीचे भात-पोळ्या आणणार. भोपळा काकांचा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
शामराव

ता.क. माझ्याकडे सर्व उत्तम चालले आहे. सुंदराने माझ्यासाठी घाई करू नये.

ता.क. २. आठ बिऱ्हाडांना भोपळा किती लागतो, आणि साल काढायची असते का, एवढे तिला सहज विचारून कळवा. माझे नाव घेऊ नका. तुम्हालाच करायचा आहे म्हणा.

ता.क. ३. खरे सांगायचे तर राकेशला आवडला तो भोपळा नव्हे, वरची फोड. ते लोणचे तिने गेल्या थंडीत घातले होते आणि यंदाची लिंबे येईपर्यंत पुरवायचे म्हणून बरणीला फडके बांधून गेली होती. आज मी बरणीत हात घातला तर बोटांना तळ लागला. तुमच्याकडे वहिनींनी लिंबाचे घातले असेल तर थोडे पाठवा, म्हणजे ती यायच्या आत बरणी भरून ठेवतो. लोणचे आणि ती, दोन्ही एकदम जमत नसेल तर आधी तिलाच पाठवा.

ता.क. ४. ती निघाली की मला लगेच फोन करा आणि फक्त "सायकल सुटली" म्हणा, मी समजेन. नाहीतर असे करा दादा, सायकल राहू द्या. पत्र मिळाल्याबरोबर फोन करा, आणि ती शेजारी बसली असेल तर स्पीकर लावा. मीच तिला विचारतो, कधी येतेस.