नऊ आणि चौदाचं गूळपीठ

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून निम्माच वाकलो, उरलेला भेटीत पुरा करीन). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींचा खोकला? आम्ही इकडे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो.

तुम्ही सव्वीस वर्षं ज्या तेलक्षेत्रावर ड्रिलर म्हणून राबलात, ते आता पार थकलंय. विहिरींतून दहा बादल्या पाणी उपसावं, तेव्हा कुठे बादलीभर तेल येतं. आणि खालच्या खडकात तर निम्म्याहून जास्त तेल अजून चिकटून बसलंय (जुन्या भाडेकरूसारखं, जागा सोडायचं नाव नाही). नुसतं पाणी ढकललं तर ते तेलाला वळसा घालून पुढे पळतं. म्हणून मी योजना मांडली : आधी पाण्यात साबणासारखं रसायन घालायचं, म्हणजे तेल खडकापासून सुटेल, मग मागून घट्ट केलेलं पाणी सोडायचं, म्हणजे ते तेलाला लोटत दुसऱ्या विहिरींपर्यंत आणेल. लेक म्हणाली, "बाबा, जग बॅटरीवर चाललंय आणि तुम्ही म्हाताऱ्या विहिरींना आंघोळ कसली घालताय?" जगाचा तेलाशी काडीमोड होईपर्यंत तेल लागणारच, मग नवी जमीन फोडण्यापेक्षा जुनीच नीट धुऊन घेतलेली काय वाईट, असं उत्तर मला नंतर सुचलं. त्या वेळी मी फक्त "जेव मुकाट्यानं" एवढंच म्हणालो.

सोमवारी नऊ नंबरच्या विहिरीत रसायन सोडलं. बुधवारी मुख्य कार्यालयाच्या बाई पाहणीला आल्या. त्यांना चौदा नंबरच्या विहिरीच्या टाकीपाशी उभं करून मी नकाशा उलगडला आणि नेमका तेव्हाच टाकीच्या झाकणाखालून फेस आला. आधी ओंजळभर, मग गाडाभर. तो दिसू नये म्हणून मी नकाशा आडवा धरला. फेस नकाशाखालून आला. बाईंचा डावा बूट त्यात गडप झाला. तो काढायला वाकलो आणि मीही गेलो (कंबर धरली ती अशी).

बाईंनी एका पायावर उभं राहून शांतपणे विचारलं, "हे रसायन इथं कधी पोचायला हवं होतं?"

"चार महिन्यांनी."

"आणि पोचलं कधी?"

"दोन दिवसांत. म्हणजे... लवकरच."

तेवढ्यात तुमचा जुना जोडीदार पंपवाला मधेच बोलला, "मामा जीव तोडून सांगायचे, नऊ आणि चौदाचं आतून गूळपीठ आहे. या साहेबांनीच हसण्यावारी नेलं."

नेलं होतं, मामा. तुमच्या निरोपसमारंभात, तेही माइकवर. खडकात भेग असती तर संगणकाला दिसली असती, असंही वर म्हणालो होतो. त्यानंतर तुम्ही आमच्या घरात पाऊल टाकलं नाहीत. मी सगळ्यांना सांगत राहिलो, गुडघा दुखतो त्यांचा.

बाईंनी महिना दिलाय. तेवढ्यात काही जमलं नाही, तर क्षेत्र बंद आणि नव्वद माणसं घरी.

असो. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा (संगणकवाला)

ता. क. : आणखी कोणत्या विहिरींचं आतून साटंलोटं आहे, हे तुमच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. चुकलं माझं. हे मी माइकवरही म्हणेन.

पुन्हा ता. क. : घाई मुळीच नाही. सवडीनं विचार करा.

शेवटचा ता. क. : पत्र घेऊन आलेला माणूस टपालवाला नाही, ड्रायव्हर आहे. गाडी दारात उभी आहे. मामींनी तुमची बॅग कालच भरलीय, पलंगाखाली बघा.