काथ्याची बोट

कलकत्ता, जुलै १९७३, बुधवार

काथ्यानं शिवलेली बोट! मी भांडी घासते त्या काथ्यानं! खिळा एकही नाही, कारण हजार वर्षांपूर्वी म्हणे अशाच बांधायचे. आणि हे तिच्यात बसून हुगळीतून थेट भर समुद्रात जाणार.

संध्याकाळी बोटीवर जाणारी सगळी मंडळी आमच्याकडेच. वायरलेस नको, लाइफ जॅकेटही नको. त्यांच्यातले सेनबाबू मला बौदी म्हणतात, म्हणजे वहिनी. ते हसून म्हणाले, "बौदी, त्या काळी कुठे होतं हे सगळं?"

मी हर्णैची. म्हटलं, त्या काळी नारळी पौर्णिमेआधी कुणी होडी लोटत नसे. आषाढात कसले निघताय?

तर हे म्हणतात, "बँकेनं रजा याच महिन्यात दिलीय."

म्हणजे काथ्या त्या काळचा आणि मुहूर्त बँकेचा! माझं डोकंच फिरलं. चहाचा ट्रे आपटून विचारलं, "सगळं त्या काळासारखंच ना? मग मागे राहिलेल्या बायकोचं त्या काळी काय करायचे, तेही आत्ताच ठरवा."

कुणी कपाला हात लावला नाही. फार बोलले का? असेन.

मग चहाचं पातेलं घासायला घेतलं, तर काथ्या हातातच सुटून आला.