पायाशी बोलायचं

२ मार्च
आज रुजू झाले. या वयात नवी नोकरी म्हणजे म्हातारपणी दात येणं, असं भाऊ चिडवत होता. पण जागा पाहून मन प्रसन्न झालं. उंच खिडक्यांचा हॉल, जमिनीवर रबरी चटया, भिंतीला लाकडी दांडे, मलमाचा वास. जायबंदी खेळाडूंना इथे पुन्हा उभं करायचं.

केंद्र चालवणाऱ्यांना सगळे आप्पा म्हणतात. त्यांची एक रीत आहे: पेशंटला 'पाय उचल' म्हणायचं नाही, पायालाच सांगायचं, 'ऊठ रे राजा.' मला हसू आलं. हसा, पण त्याला ऐकू जाईल असं नको, असं आप्पा गंभीरपणे म्हणाले.

५ मार्च
माझ्याकडे एक धावपटू मुलगी दिली आहे. गुडघ्यातलं लिगामेंट तुटून उजव्या पायाचं ऑपरेशन झालेलं. महिनाअखेरच्या निवड चाचणीत धावली नाही तर वयाची अट ओलांडेल; मग मैदान कायमचं सुटलं. आई रोज भिंतीशी बसून असते.

मुलगी तोंडाची तिखट. म्हणाली, ताई, पायाला राजा म्हणता आणि मला 'नीट बस' म्हणून दटावता, मी काय सावत्र आहे का? आई पदराआड हसली.

११ मार्च
लाज मोडली. आता मी पायाशी सहज बोलते आणि तो झपाट्याने सुधारतो आहे. शास्त्राला हे धरून नाही. मग मी स्वतःची फसवणूक करते आहे का? पण गुण येतो आहे.

आज माझं वाक्य पुरं व्हायच्या आतच पाय उचलला गेला. मुलगी म्हणाली, मी नाही हं उचलला. थट्टा असावी.

१६ मार्च
दुखरा पाय धडक्या पायाच्या तोडीला आला की पळायची परवानगी द्यायची, असा नियम. आज जोर मोजला, दोन्ही सारखे भरले. आईने माझे हात हातात घेतले.

घरी आल्यावर मात्र मन खाऊ लागलं. दोन्ही पाय जुळले एवढंच मी पाहिलं. उजवा चढला होता थोडाच. डावा उतरला होता. आनंदाच्या भरात मी ते पाहिलंच नाही. पळायची परवानगी मागे घ्यायला हवी.

१९ मार्च
परवानगी मागे घेतली. आई माझ्याशी बोलत नाही.

डावी मांडी वाळत चालली आहे. व्यायाम तर त्याही पायाला रोज आहे. मुलीची थट्टा आटली. म्हणाली, उजवा आपला वाटत नाही. खुर्चीत बसलं की तुमच्या दिशेला वळतो.

आप्पांना सांगितलं. ते उखडले: बोला म्हटलं होतं, इतकं लाडावून ठेवायला कोणी सांगितलं? मग आवाज उतरला. यापुढे त्याच्याशी एक शब्द नको. आणि नाहीच बोलले तर, मी विचारलं. ते पट्ट्यांच्या गुंडाळ्या करत राहिले.

२२ मार्च
बोलत नाही. सगळं खुणांनी. पाय ढिम्म. मुलगी जोर लावते, घामाघूम होते, तो ओंडक्यासारखा पडून.

आईने शेवटी तोंड उघडलं. म्हणाली, ताई, चुकलं असेल माझं, पण राग लेकीवर नका काढू, चाचणी तोंडावर आली. मुलगी माझ्याकडे बघतही नव्हती.

एका शब्दाने काय होणार, असं वाटलं. मी 'चल' म्हणाले.

२३ मार्च
चालतो आहे. कालपासून. झोपली तरी अंथरुणात पाय झाडत होता, आई सांगते. हॉलभर फेऱ्या — डावा मागून फरफटत. चौघांनी धरलं, आवरला नाही.

आप्पा आले नाहीत. फोन उचलत नाहीत.

मुलगी रडत म्हणते, ताई, तुमचंच ऐकतो तो, थांबायला सांगा. मी सांगत नाही — आणखी एका शब्दाने काय होईल, याची भीती वाटते. हे माझं गप्प राहणं तिच्यासाठी आहे की माझ्यासाठी? कळत नाही —

२४ मार्च, दुपार
डाव्या पावलाची कातडी गेली. चटयांवर रक्त. आई पाया पडली माझ्या. आणखी बघत राहणं म्हणजे —

म्हणाले. थांब.

थांबला. मुलगी हसली. तशी हसताना किती दिवसांनी —

मग तिचे हात थांबले. मान. पापण्या.

आई डॉक्टरांना आणायला धावली आहे. मी तिला हाका मारते, मुलीला, तिच्या नावाने. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. ऐकत नाही. श्वास लागत नाही हाताला.

'चल' म्हणाले. पुन्हा म्हणाले.

हलला. देवा, हलला —

पण फक्त पाय. तिचे डोळे तसेच, आणि तो तिला ओढत माझ्याकडे —