पाद्रीबाबांपुढचं शहाळं

सेफिना,

मी खडकांवर मासे धरायला जातोय. आईला उठवू नकोस, काल पाहुण्यांचं करून करून दमलीय.

काल अपिया शहरातून आलेल्या नव्या पाद्रीबाबांपुढे तू कोल्ड्रिंकचा कॅन न ठेवता शहाळं घेऊन आलीस, तेव्हा माझं तोंड उतरलं. हल्ली सगळं गाव कॅनच देतं. लोक म्हणणार, यांना एक कॅन परवडला नाही! म्हणून मी खेकसलो, "हे काय आणलंस?" तर तू भर सभेत म्हणालीस, "बाबा, वर्षात दोनदा हात मोडलाय माझा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, कोल्ड्रिंकनेच पोट भरलं की दूध-मासळी राहून जाते, मग हाडं बळकट कुठून होणार? जे मी सोडलं, ते पाहुण्यांना कसं देऊ?"

पाद्रीबाबांनी शहाळं दोन्ही हातांनी घेतलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. तेव्हा मी शेजारच्या तिघांना तरी सांगितलं असेल, "माझी मुलगी आहे ती."

आत्याने पाहुण्यांसाठी पाठवलेला कॅनचा खोका जाता जाता परत नेतोय. चिडली तर चिडू दे. दूध झाकून ठेवलंय, पिऊन टाक. संध्याकाळी बारके मासे काट्यासकट तळू.

तुझ्या हाताच्या प्लास्टरवर शाळेच्या सगळ्या टीमच्या सह्या आहेत, माझीच नव्हती. मी म्हणायचो, मोडक्या हातावर कसली नावं मिरवायची? आता अंगठ्याजवळ बघ. तू झोपेत होतीस तेव्हा केली.

पुसू नकोस.

बाबा