बावीस आणि सत्तेचाळीस

४ नोव्हेंबर ९९, पोलादपूर
हवाई दलातल्या मेनन साहेबांचं पत्र. चौदा वर्षांनी! अक्षर तेच, बारीक. आमच्या जुन्या तळावर दोन डाकोटा अजून उभ्या आहेत म्हणे. विमानांच्या संग्रहालयात जागा एकीलाच, दुसरी भंगारात. ‘बावीस नंबर ठेवू की सत्तेचाळीस? जी जास्त अस्सल, ती ठेवायची. दोघी तुझ्या हाताखालून गेल्यात, तूच सांग.’
ही काय विचारायची गोष्ट आहे? बावीसच! अकरा वर्षं मेकॅनिक होतो तिचा. थंडीत तिचं उजवं इंजिन सुरू व्हायला आढेवेढे घ्यायचं, मी खालून चार शिव्या घातल्या की लागायचं. सुमनला पत्र वाचून दाखवलं. म्हणते, “म्हंजे सवत अजून जिती हाय माझी!” दिवसभर खूश आहे मी.

६ नोव्हें.
महाडला इस्माईलभाईकडे. दहा वर्षं आखातात गाड्या दुरुस्त केल्या, आता स्वतःचे दोन ट्रक. त्याला खरं ते सांगितलं. शेवटी शेवटी सुटे भाग मिळेनात, तेव्हा बावीस उडती राहावी म्हणून सत्तेचाळीसचे काढून तिला बसवले. मग अस्सल कोण?
“आमच्यात सोपं हाय, वसंता. चेसीवर नंबर जिचा, गाडी तिची. इंजिन कुनाचं का असंना. लिवून टाक बावीस.”
बरं वाटलं. घरी येऊन लिहायला बसलो. ‘बावीस अस्सल आहे’, एवढंच लिहायचं होतं. नाही झालं. एकदा बघून यावं.

११ नोव्हें.
इस्माईलभाईची जीप, वरंध घाटातून भोरमार्गे. बावीस चाकांवर उभी, धुळीनं माखलेली, पण काय रुबाब! तिच्या पोटावर हात ठेवला आणि रडू आलं. इस्माईलभाईनं उगाच जीपचा टायर तपासला.
सत्तेचाळीस शेडमागे. लाकडी ठोकळ्यांवर. चाकं नाहीत, उजवं इंजिन नाही, शेपटीचं कापडी सुकाणू नाही. आत वाकून शिरलो. जिथून काही काढलंय तिथे तारेनं बांधलेली चिठ्ठी. सगळ्या माझ्याच अक्षरात. ‘काढले, बावीससाठी. परत बसवायचे.’ खाली माझी सही. एकोणीस मोजल्या, मग मोजवेना. एकही वस्तू परत बसवली नाही मी. तिच्याकडे नंतर फिरकलोसुद्धा नव्हतो.
येताना वरंधला चहाला थांबलो तेव्हा इस्माईलभाई बोलला, “तिला उडवाया हिला पार उपाशी ठेवलीस की रे.”

१३ नोव्हें.
साहेबांना लिहिलं सगळं. तळावरची जुनी कागदपत्रं वाळवीनं खाल्लीत, चिठ्ठ्या मी काढून टाकल्या असत्या तर कुणाला पत्ता लागला नसता. तो विचार आला होता, खोटं कशाला बोलू. पण साहेबांनी विचारलंय अस्सल कोण. बावीस निम्मी दुसरीची आहे. सत्तेचाळीसमध्ये उरलंय तेवढं सगळं पहिल्यापासूनचं, तिचंच. सत्तेचाळीस ठेवा.
पेटीत टाकून आलो. सुमननं विचारलं, “मंग बावीसचं?” मी हात धुवायला उठलो. जेवताना तिनं भाकरी जास्तीची वाढली.

२५ नोव्हें.
उत्तर आलं. ‘तुझं पटलं. पण रिकामा सांगाडा लोकांना काय दाखवू? बावीसमधलं काढून सत्तेचाळीसला परत बसवून दे. माणसं देतो, पण काय कुणाचं हे तुलाच ठाऊक. पुढच्या महिन्याच्या अखेरीला भंगारवाला येईल. नाही जमलं तर बावीस आहे तशी ठेवतो.’
म्हणजे बावीस मी खोलायची. या हातांनी. साहेबांचा राग आला, मग स्वतःचा. कशाला लिहिलं? गप्प बसलो असतो तर ती संग्रहालयात दिमाखात उभी असती.
पण चिठ्ठीवर सही माझी आहे. दुसऱ्या कुणाच्या हाती दिली तर घण घालून फोडतील बिचारीला. निदान नीट तरी खोलेन.

२९ नोव्हें.
‘येतो’ असं कळवलंय. उद्या सकाळची एसटी. पाने पुसून ठेवले. पण बावीससमोर उभं राहिल्यावर पहिला नट सैल करवेल का, खरंच सांगता येत नाही. नाहीच करवलं तर साहेबांना तोंडावर सांगेन आणि परत येईन. मग सत्तेचाळीस जाईल भंगारात.
सुमनला म्हटलं, दहाएक दिवस लागतील. ती उठून दुसरी पिशवी भरायला लागली. स्वतःची लुगडी.
“तू कुठं निघालीस?”
“तुमच्यासंगं. असलं काम एकट्यानं करायचं नाय.”